नाव न घेणाऱ्या फ्रान्सबाई

फ्रान्सबाई कुणाचंही नाव कागदावर लिहीत नसत. कोशाचं रेशमी कापड कसं होतं, यावर मुलांसाठी चित्रांचं पुस्तक करायला त्या फ्रान्सहून येऊन आमच्या आंधळगावात वर्षभर राहिल्या. निम्म्या गावाची चित्रं त्यांच्या वहीत होती. पण चित्राखाली नाव? छे! आत्याच्या चित्राखाली चिमणी काढलेली, आईच्या चित्राखाली वांगं. आई महिनाभर रुसून होती.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी भंडाऱ्याला कॉलेजात जात होते, म्हणून बाईंशी इंग्रजी बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझं इंग्रजी ऐकून बाईंनी तीन महिन्यांत मराठी शिकून घेतली. शिकवणारी माझी विधवा आत्या. ती ओसरीवर बसून मांडीवर कोशाचा धागा वळायची आणि बाई शेजारी बसून तिचं चित्र काढत, तिच्या तोंडचा शब्द न् शब्द उचलत. पुढे नागपूरचे एक साहेब आले आणि "आपण इथे रमलात ना?" असं अदबीने विचारू लागले, तर गोरी बाई म्हणते, "रमली नाही त का! मले जावंसंच नाही वाटून राहिलं." साहेब चहा प्यायचं विसरले.

तरुणपणी, जर्मनांनी त्यांचा देश घेतला तेव्हा, बाई चोरून पत्रकं लिहीत, त्यांवर चित्रं काढत, आणि लपून राहिलेल्यांच्या खोट्या ओळखपत्रांवर ब्रशने हुबेहूब सरकारी शिक्के रंगवत. आम्हाला खरं वाटेना. तर चहा उकळेपर्यंत त्यांनी पोस्टाचा शिक्का काढून दाखवला. पोस्टमास्तर तिथेच बसलेले. त्यांना घामच फुटला. "बाई, माह्या ऑफिसातला सिक्का तुमच्याजवळ कसा जी?" बाईंनी हसत कागद चुलीत टाकला. "कागद आन् जीभ, दोन्ही सांभाळा लागते," असं त्या नेहमी म्हणत.

नवऱ्याचं नाव विचारलं की त्या मान हलवत. "नाव नाही घेत." आमच्या बाया खूश! नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही तर आमचीच रीत. नवरा तिकडे नोकरीला आहे असं परस्पर ठरवून त्यांनी बाईंना सवाष्णींत बसवलं. दर हळदीकुंकवाला कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. आत्या तेवढा वेळ स्वयंपाकघरात. "ते काहून आत बसते?" बाई मला विचारत, आणि मी इंग्रजीसारखीच मराठीतही अडखळत असे.

शेवटी जायच्या आठवड्यात आत्यानेच त्यांना कारण सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या नवऱ्याला जर्मनांनी पकडून नेलं होतं, तो परतलाच नव्हता. "आता सांगितलं त ह्या बाया तुटतीन," त्या मला म्हणाल्या, "नाही सांगितलं त तुह्या आत्यासमोर मी खोटी."

निरोपाच्या दिवशी ओटी भरायला बायांनी घर भरलं. "आज त नाव घ्याच लागते, बाई!" असा एकच गलका. बाई उठून उभ्या राहिल्या.

"कोशातून निघते सोन्यावानी तार,
आंद्रेचं नाव घेतो, उघडं ठेवून दार."

केवढ्या टाळ्या! त्या थांबल्यावर बाई म्हणाल्या, "आंद्रे जिता नाही. पस्तीस वर्सं झाले. तवा दार लावूनबी त्याचं नाव घेता येत नोहतं. घेतलं असतं त दहा घरचे लोक धरले गेले असते. मंग नाव तोंडातून निघालंच नाही, आज निघालं. मीबी आतच बसाले पायजे होती."

आईचं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं. तेवढ्यात आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने आईच्या हातातून करंडा घेतला. "पस्तीस वर्सं नाव जपलं इनं, वहिनी. आन्खी का पायजे?" तिने बाईंना ठसठशीत कुंकू लावलं. बाईंनी त्याच करंड्यात बोट बुडवलं आणि आत्याच्या कपाळावर टेकवलं.

मला वाटलं, आता आकाश कोसळणार. आई म्हणाली, "चहा ठेवा वो कोनी!" आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना बसवर पोचवायला आत्या भर बाजारातून गेली, कपाळावरचं कुंकू न पुसता.