तपासायला बाहेरचं माणूस

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपुरातल्या एका लहानशा संस्थेत मी पर्यवेक्षिका होते. नरखेड तालुक्यातल्या गावांमधल्या सुईणींना आम्ही शिकवायचो आणि बाळंतपण अडलं तर नरखेडला ठेवलेली संस्थेची जीप त्या बाईला मोठ्या दवाखान्यात पोचवायची. मदत देणाऱ्यांनी कळवलं, पुढची मदत हवी असेल तर काम बाहेरच्या कुणाकडून तपासून घ्या.

कुणाला बोलवायचं, यावर बैठक बसली. खजिनदारांनी ओळखीच्या एका प्राध्यापकांचं नाव सुचवलं. "भला माणूस आहे. आपल्याला अडचणीत आणणार नाही."

"मग तपासायला कशाला बोलवायचं?" सचिव म्हणाले. ते निवृत्त सरकारी डॉक्टर होते. संस्था त्यांनीच उभी केली होती. त्यांनी वर्ध्याकडच्या एका डॉक्टरीणबाईंना भेटीला बोलावलं होतं. आमच्यापैकी कुणाचीच त्यांच्याशी ओळख नव्हती.

बाई आल्या आणि त्यांनी सरळ अट घातली. "बाळंतीण वाचली ती घरं तुम्ही दाखवालच. जिथे दगावली तिथेही मला जायचंय. तिथे ऐकेन ते अहवालातून काढायचं नाही."

खजिनदार खिडकीबाहेर बघत राहिले. सचिवांनी हो म्हटलं आणि मला बाईंच्या सोबतीला दिलं.

संत्र्याच्या बागांपलीकडच्या एका गावात आम्ही अशा घरी गेलो. सून बाळंतपणात गेली होती, बाळही गेलं होतं. सासू ओसरीवर तूर निवडत होती. तिने आम्हाला पाणी दिलं, पण हातातलं काम थांबवलं नाही.

"सुईण वेळेवर आली होती?" बाईंनी विचारलं.

"आली ना. तिनं लगेच सांगतलं, इथं होत नाही, दवाखान्यात न्या. माणूस धाडला जीपसाठी."

"मग?"

"जीप नागपूरले गेली होती म्हणे, पाहुणे आणाले. येते, येते म्हणत आम्ही वाट पाहून राहिलो." तिने सूप खाली ठेवलं. "दारात बंडी होती, बैल होते. तुमची जीप नसती तं आम्ही तवाच बंडी जुंपली असती. होय का नाही, बाई?"

ती माझ्याकडे बघत होती. त्या पाहुण्यांना आमचं काम दाखवायला मीच त्या जीपमधून गावोगाव घेऊन फिरले होते. या घरात कुणी अडलंय, हे आमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

अहवालात बाईंनी सुईणींचं कौतुक केलं आणि हा प्रसंगही सासूच्याच शब्दांत लिहिला. पुढच्या बैठकीत खजिनदार म्हणाले, "एवढं एक पान काढू. बाकी सगळं चांगलंच आहे."

"शब्द दिलाय," सचिव म्हणाले. अहवाल जसाच्या तसा गेला.

नंतर ते एकटेच त्या सासूच्या घरी जाऊन आले. तिथे काय झालं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

अहवालानंतर मदत बंद झाली. जीप विकली गेली, वर्ग थांबले, मी कोराडीच्या शाळेत लागले. एकदा बाजारात आमची एक सुईण भेटली. "आता अडलेल्या बाईले कशानं नेता?" मी विचारलं.

"बंडीनंच," ती म्हणाली. "एक पोहोचली. एक रस्त्यातच गेली."