शिक्का मागच्या बाजूला

घड्याळबाईंना हे नाव पडलं ते त्यांच्या छातीवर उलट्या टाचलेल्या घड्याळामुळं. बाळाचा पहिला आवाज आला की या मान खाली घालणार आणि आधी वेळ सांगणार, "दहा वाजून सतरा." मुलगा की मुलगी, ते त्यानंतर. बाहेर येरझाऱ्या घालणाऱ्या बापाला आपल्याला काय झालंय याआधी ते कधी झालंय हे कळायचं. तीस वर्षांत निम्म्या वस्तीची जन्मवेळ त्यांच्याच तोंडून निघालेली. त्यामुळं कुणी कुठं उशिरा पोचला, की लोक हसून म्हणत, "याची वेळ बाईंनी नाही सांगितलेली दिसत."

नवरा सुतार. माणूस अबोल, जे काय बोलायचं ते हातानं. सात वर्षांपूर्वी नर्सिंग कौन्सिलनं सगळ्यांना नोंदणीची नवी प्रमाणपत्रं दिली आणि ती कामाच्या जागी दिसतील अशी लावायला सांगितली. सुतारानं बायकोचा कागद पुढून पाहिला, मागून पाहिला, पट्टी लावून मापं घेतली आणि दोन दिवस कारखान्याचं दार आतून लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी जुन्या दरवाजाच्या कसदार लाकडाची चौकट घेऊन प्रसूतिगृहात आला. पुढं काच, मागं अखंड फळी, खिळा म्हणून कुठं दिसायला नाही. स्वतःच्या हातानं चार स्क्रू पिळून त्यानं ती भिंतीला बसवली.

बाई म्हणाल्या, "अहो, पण दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचा शिक्का मारायचा असतो. तो कागदाच्या मागं."

"वेळ आली की सांग. मी उघडून देईन."

वेळ आली तेव्हा ज्याला सांगायचं तोच उरला नव्हता. आदल्याच वर्षी गेला. बाईंनी एकदा चौकटीच्या कडेला नख लावून पाहिलं. जरा म्हणून फट नाही. उघडायची म्हणजे फोडायचीच. कौन्सिलचं पत्र आलं, ते त्यांनी टेबलाच्या खणात ठेवलं. दुसरं आलं, ते पहिल्यावर ठेवलं. दर वर्षीचे प्रशिक्षणाचे वर्ग मात्र एकही चुकवला नाही. पहिल्या बाकावर बसून शिकवणाऱ्या पोरींच्या चुका काढत.

अशी दोन वर्षं गेली. तपासायला येणारे काचेतून कागद बघत, मान डोलवत आणि निघून जात. मग एके सकाळी नवी तपासनीस आली. वयानं बाईंच्या लेकीएवढी, खांद्याला जड पिशवी.

"मावशी, नूतनीकरण कुठंय?"

"मागच्या बाजूला."

"दाखवा की."

"दाखवता नाही येत."

"का?"

"मागची बाजू मागं आहे ना, बाळा."

तपासनीस हसली नाही, पण चिडलीही नाही. स्टूल ओढून बसली आणि सगळं ऐकून घेतलं. मग वही उघडून म्हणाली, "शिक्का नाही म्हणजे नोंदणी चालू नाही. आठ दिवस देते. तोवर एकाही बाईला हात लावायचा नाही. मला वाईट वाटतंय, पण लिहावं तर लागणारच."

"लिही. मी तुझ्या जागी असते तर मीही लिहिलं असतं."

हे त्या तोंडदेखलं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या थोरल्या बहिणीचं बाळंतपण नर्स म्हणून मिरवणाऱ्या एका बाईनं केलं होतं, जिचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. बहीण वाचली, बाळ नाही. घरचे जाब विचारायला गेले, तर त्या नावाची बाईच कुणाला माहीत नव्हती. त्याच वर्षी घड्याळबाईंनी नर्सिंगला नाव घातलं. कळा देणाऱ्या बाईनं कुणाकुणाला विचारत बसायचं, तू खरी की खोटी? तिच्या वतीनं ते आधीच कुणीतरी विचारून ठेवलेलं असावं, एवढंच त्या कागदाचं काम, असं त्या नव्या पोरींना सांगत. आणि स्वतःचा कागद मात्र असा.

चौथ्या दिवशी कळा सुरू झालेली एक पोर आली. तिचं पहिलं बाळंतपण बाईंनीच केलेलं, म्हणून आत गेल्यापासून ती त्यांच्याच नावानं हाका मारत होती. बाई बाहेर बाकावर, हात मांडीखाली दाबून. डॉक्टरीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "या हो आत. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

आत धाकटी सिस्टर होती, नोंदणी चालू असलेली. बाईंनी बाहेरूनच आवाज दिला, "घाई करू नकोस गं, तिला श्वास घेऊ दे. मी इथंच आहे." अर्ध्या तासानं रडं ऐकू आलं. बाईंची मान आपोआप खाली गेली. "तीन वाजून पाच," त्या पुटपुटल्या, आणि घरी जाऊन नवऱ्याची पटाशी शोधून काढली.

दुसऱ्या दिवशी जावयानं स्क्रू काढले, चौकट चादरीत गुंडाळली आणि दोघं कौन्सिलच्या कचेरीत गेले. बसमध्ये चौकट बाईंच्या मांडीवर. शेजारणीनं विचारलं, "आरसा का?" बाई म्हणाल्या, "तसंच म्हणा."

कचेरीच्या खिडकीतून चौकट आत जाईना. आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली. शेवटी कारकून दारातून बाहेर आला. "आजवर लोक कागद आणायचे. तुम्ही भिंतच आणलीत." प्रशिक्षणाचे दाखले त्यानं तपासले, उशिराचा अर्ज भरून घेतला. "सगळं ठीक आहे. आता फक्त कागद मोकळा करा."

तो स्क्रूड्रायव्हर शोधू लागला, तशा बाई म्हणाल्या, "थांबा. फोडायची तर मीच फोडीन."

चौकट टेबलावर पालथी घातली. पटाशी कुठं लावावी म्हणून त्या फळीवरून बोटं फिरवू लागल्या. पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठंय ते सांगणारी ती बोटं, डोळ्यांना न दिसलेलं त्यांना लागलं. उजव्या अंगाला, केसाएवढी रेघ. अंगठ्यानं दाबून सरकवलं, तर वीतभर झाकण खोबणीतून अलगद बाजूला झालं. आत कागदाची मागची बाजू, आणि तीही बरोब्बर तेवढीच, जेवढ्यात शिक्क्यांचे सहा रकाने दिसतील. कडेला सुताराच्या जाड पेन्सिलीच्या खुणा.

उघडून देईन म्हणाला होता. फोडून देईन म्हणाला नव्हता.

जावई खिडकीबाहेर बघू लागला. कारकुनानं रकाने मोजले. "सहा पंचे तीस. मावशी, ही चौकट केली तेव्हा तुमचं वय काय होतं?"

"बावन्न."

"म्हणजे ब्याऐंशीपर्यंत कामाला जुंपायचा बेत होता यजमानांचा तुम्हाला."

"तसलाच होता तो," बाई म्हणाल्या, आणि पदराची वाट न बघता हातानंच डोळे पुसले.

आठव्या दिवशी तपासनीस आली. या वेळी चौकटीला स्क्रू नव्हते, टांगायला नुसता आकडा होता. तिनं ती उतरवली, झाकण सरकवून शिक्का पाहिला, वहीत लिहिलं. मग झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं. तिसऱ्यांदा उघडणार तेवढ्यात आतून डॉक्टरीणबाईंची हाक आली.

घड्याळबाई तोवर कोपरापर्यंत हात धुवायला लागल्यासुद्धा होत्या.