पठारावरचा समुद्र

आमच्या मामेसासऱ्यांइतका समुद्राकाठानं चाललेला माणूस साऱ्या सांगली-सातारा भागात दुसरा नसेल, आणि त्यातलं बहुतेक चालणं त्यांनी कवठे महांकाळच्या पुढं, चैत्रात विहिरींचे तळ उघडे पडतात त्या मुलखात उरकलं. गावामागं एक लांबोडकं पठार आहे. बाजाराची गाडीवाट खालून जाते, पण मामा पठाराच्या कडेनंच जायचे. कोसभर फेरा पडला तरी चालेल. कडेला आले की एका हातानं पटका धरायचे, कारण तिथं म्हणे खारा वारा असे. बरोबरच्या माणसाला नेहमी आतल्या अंगानं चालवायचे. माझ्या लग्नाच्या चौथ्या दिवशी मी नव्या करकरीत वहाणा घालून त्यांच्याबरोबर निघालो, तर म्हणाले, "जावयबापू, हिकडनं चला. शेवाळ हाय, पाय घसरंल." खाली नजर पोचेल तिथवर कुसळं आणि मेंढरं. मला हसू आलं, त्यांना आलं नाही. एका धोंड्यावर मला बसवून म्हणाले, "हितनं लय बेस दिसतं. बघायचं असलं की मानसानं बसावं."

हे वेड त्यांनी फार लांबून आणलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ते आणि गावातला केराप्पा मुंबईला जाऊन बोटीवर आगवाले झाले, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे. पुढं पाणबुडीनं बोट फोडली. वाचलेल्यांना वेस्ट इंडीजमधल्या एका बेटावर उतरवलं, आणि परतीची बोट मिळेपर्यंत मामा तिथं चार महिने राहिले. बाकीचे खलाशी सावलीत पत्ते कुटत बसले. मामा मेंढरांमागं वाढलेले, त्यांना बसवेना. ते रोज किनाऱ्याच्या कड्यांवरून हिंडायचे. पार पाण्यापर्यंत गेलेला ऊस, वाऱ्यानं एकाच अंगाला वाकलेली झाडं, पायवाटेखाली फुटणाऱ्या लाटा, हे सगळं ते काल पाहिल्यासारखं सांगत. "बोली कळायची न्हाई," म्हणायचे, "पर दारावरनं गेलं की हाक मारून पानी देत्यात. आपल्यावानीच."

केराप्पा मात्र किनाऱ्याला लागल्यावर तिसऱ्या दिवशी गेला. बेटाच्या उगवतीला समुद्र कड्यावर धडका द्यायचा आणि मावळतीला तळ्यासारखा पडून असायचा. मामांनी त्याला मावळतीच्या अंगाला पुरलं. "भट्टीच्या आवाजानं पोरगं धड झोपलं न्हवतं," ते सांगत, "म्हनून निवांत पान्याकडं ठेवला."

केराप्पाच्या आईला ते दर सोमवारी पठारावर न्यायचे, तिच्या लेकाकडं म्हणून. वाऱ्याच्या कडेनं निघायचं, मधला माळ ओलांडायचा, पलीकडच्या आडोशाला उतरायचं. "हितं कोळ्यांची घरं. हितं चढ. आता वारा पडंल बघा, वयनी." आणि वारा खरंच पडायचा. आडोशाला एक सपाट दगड होता. म्हातारी त्याच्यावर भाकरी ठेवायची, घटकाभर बसायची, मग दोघं परत यायची. गाव हसायचं, पण वाट सोडून उभं राहायचं.

आता माझं सांगतो. मी तेव्हा त्या गावच्या शाळेत नवा मास्तर होतो, आणि ज्याला लोक हसतात त्याचा मी जावई, हे मला टोचत होतं. एकदा दिवस मावळायच्या सुमाराला पारावर मामांच्या देखत कुणीतरी विचारलं, "गुरुजी, येकाच बेटाला येका अंगाला खवळल्याला समुद्र नि दुसऱ्या अंगाला गप, असं असतंय व्हय वो?" मला ठाऊक नव्हतं. समुद्र मी जन्मात पाहिला नव्हता. तसं सांगितलं असतं तर भागलं असतं. मी म्हणालो, "समुद्र म्हणजे काय भावाभावांची वाटणी आहे? भूगोलात असलं काही नाही." सगळे हसले. मामा सोगा झटकत उठले. "असंल. आमी अडाणी." देवळाच्या पायरीवर केराप्पाची आई बसली होती. ती मला दिसली होती. बोलायच्या आधीच दिसली होती.

तिनं मामांना थांबवलं. "आरं बाबा, मग माझं पोर कुठं ठेवलंस?"

"सांगितलं की, वयनी."

"गुरुजी शिकल्यालं हायत. ते कशाला खोटं बोलतील?"

पुढच्या सोमवारी ती आली नाही. मामा काही दिवस एकटेच गेले, मग तेही खालच्या गाडीवाटेनं बाजाराला जाऊ लागले.

दोन वर्षांनी माझी बदली सांगलीला झाली होती. तिथल्या एका वाचनालयात भूगोलाचं जाड पुस्तक चाळताना मला ते सापडलं. त्या बेटांवर व्यापारी वारे बारा महिने पूर्वेकडून वाहतात. म्हणून पूर्व किनारा खवळलेला, पश्चिम किनारा शांत. चार ओळी होत्या. मी पुस्तक मिटलं. दिवाळीत गावी गेलो की सांगू म्हटलं. दिवाळीत म्हटलं, संक्रांतीला. मास्तर चुकला हे मास्तरानंच पारावर सांगायचं, याला माझी जीभ रेटेना. म्हातारी त्यानंतर दीड वर्ष जगली.

ती गेल्यावर मी मामांकडं जाऊन सगळं सांगितलं. "मला कशाला सांगता?" ते म्हणाले. "मला ठाव हुतं. मी तिथं हुतो की." मग तंबाखू मळायला घेतली. "शेवटाला इचारलं तिनं, पान्यात टाकलास न्हवं? मी म्हनलं, न्हाई वयनी. तिनं भितीकडं तोंड केलं."

त्यांनाच माझी कीव आली असावी. म्हणाले, "बुकात तिथल्या वाटंचं काय लिवलंय?"

"वाटेचं काही नाही."

"मग तुमी लिवा."

त्या पावसाळ्यात मी तीन-चार रविवार त्यांच्यापुढं बसलो. ते सांगत, मी शाळेच्या वहीत उतरवून घेई. वळण, चढ, कुठं दम खायचा, कुठून पाणी दिसतं. केराप्पापाशी कधी पोचणार, असं मी एकदा विचारलं. "आजच्याला पाय दुखत्यात," ते म्हणाले, "माथ्यावर बसू. फुडचं फुडल्या ऐतवारी." तो रविवार आला नाही, त्याच आठवड्यात ते गेले.

वही माझ्याजवळ आहे. बेटावरची वाट तिच्यात माथ्यापर्यंत येते. तिथं वारा अजून वाहतो आहे, खाली उतरलं की पडेल. पण केराप्पाकडं उतरायचं कुठून, हे मला माहीत नाही.