दोनदा अंगठा

आमच्या चौलच्या वाडीमागे एक म्हातारे कोळी आजोबा जाळी दुरुस्त करत बसतात. प्रत्येक गाठीवरून दोनदा अंगठा फिरवतात, मगच पुढची गाठ. दम्यासाठी ते रोज एका फिरत्या औषधवाल्याची पुडी घेत. त्यांच्या तळहातांवर मला टणक ठिपके दिसले, विचारलं तर म्हणाले, "नायलॉनचे घट्टे हायत, ताई."

मी माझ्या प्रयोगशाळेतल्या कामांच्या यादीत पुडीची तपासणी लिहिली. पुडीत सोमल, म्हणजे आर्सेनिक निघालं; तळहातांवरचे ठिपके त्याचेच होते.

"पेशीतला आनुवंशिक धागा तुटला की पेशीच तो सांधते," मी त्यांना सांगितलं. "हे विष धागा तोडतं आणि सांधणाऱ्याचे हातही बांधतं."

त्यांची सुई थांबली. "नातीलाबी देतोय, खोकल्यावर. महिना झाला."

"आजच बंद. चला दवाखान्यात."

त्यांनी शेजारी खेळणाऱ्या नातीला जवळ ओढलं, तिचे तळवे उन्हात उघडले आणि अंगठा फिरवू लागले. दोनदा फिरवूनही थांबेचनात.