टाचण्या न काढलेला शर्ट

परवा कपाट आवरताना तो पांढरा शर्ट पुन्हा हाती लागला, अजून पिशवीतच, कॉलरच्या टाचण्याही न काढलेला. हेब्बाळ भागातल्या बाईकचोरीत सापडलेल्या एका तरुणाच्या जामिनाची साधी केस होती. वकील म्हणून मला नेमणारा माणूस त्याला सुटल्यावर घालायला हा शर्ट घेऊन आला होता. कोर्टाच्या व्हरांड्यात पोलिसाशेजारी बसलेला तो तरुण निपाणीकडचा निघाला, म्हणून मी मराठीत बोलू लागलो. आजूबाजूला कुणालाच मराठी कळत नाही हे ताडून तो हवापाण्याचं बोलावं तशा सुरात म्हणाला, “साहेब, आज मला सोडवू नका. चोरीच्या गाड्या कुठं जातात ते मी पोलिसांना सांगितलंय, आणि तुम्हाला नेमणाऱ्या ह्या लोकांना ते कळलंय.” नेमलं त्यांनी असलं तरी वकील मी त्याचा होतो, म्हणून मी पुढची तारीख मागून घेतली. “सरी सार,” कानडीत ‘बरं, साहेब’ म्हणत मला नेमणारा तो माणूस हसला आणि शर्ट माझ्याच हातात ठेवून गेला. पुढच्या तारखेला दुसरा वकील उभा होता आणि जामीन झाला. “त्याच्या वकीलपत्रावर सही का केलीस?” मी त्या तरुणाला विचारलं. “आई गावात एकटी हाय. ह्यांची माणसं तिला भेटून आली,” तो म्हणाला, आणि मग, “जातो, साहेब.” आमच्याकडे निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. “येतो म्हण रे,” एवढं माझ्या तोंडून निघेपर्यंत तो त्यांच्या गाडीत बसला होता. त्या कोर्टात माझ्याशी मराठीत बोललेला तो एकटाच. शर्ट मी तसाच परत कपाटात ठेवला.