ओल्या चुन्याची भिंत

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी नाकात ओल्या चुन्याचा वास येतो. नेवासा तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. नाताळ आठवड्यावर आला होता. एका ख्रिस्ती वस्तीतले सत्तरीचे गवंडी घरातून निघून गेल्याची खबर त्यांच्या बायकोने दिली. म्हाताऱ्यांना विसरण्याचा आजार होता. मिसिंगची, म्हणजे बेपत्ता असल्याची नोंद केली, एस.टी. स्टँड, दवाखाने, नातेवाईक, सगळीकडे चौकशी केली. असली माणसं बहुधा दोन दिवसांत सापडतात. हे सापडले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "सायेब, नवरा गायब हाय आन बाई घराला चुना देतीया. रोज देतीया! डोळ्यात टिपूस न्हाई. बघा बाबा तुमी."

नाताळच्या आधी ख्रिस्ती घरांना रंग देतात, हे मला ठाऊक होतं. पण पोलिसाचं डोकं एकाच बाजूला पळतं. चुना म्हणजे रक्ताचे डाग लपवणं. महिला हवालदार आणि दोन पंच घेऊन निघालो.

एका खोलीचं घर. समोरची भिंत ओली होती. मी कोपरा खरवडून पाहिला, तर चुन्याचे एकावर एक ताजे तीन हात. तीन दिवसांत तीन हात कोण देतं? अर्धी भिंत मातीपर्यंत खरवडली, परसातली जमीन उकरली. काही म्हणता काही नाही. बाई पदर खोचून दारात उभी होती. शिव्या घालील असं वाटलं होतं, तर तिने आम्हाला चहा विचारला! नोकरीत मी रडणारे गुन्हेगार पाहिले आणि रडणारे निर्दोषही पाहिले. ही कोणात मोडते ते काही केल्या कळेना.

तिथेच जबाब घ्यायला बसलो.

"मावशी, भांडण झालं होतं का?"

"व्हय. रोजच व्हायचं. चष्मा कुटं ठिवला म्हनून."

"नवरा तीन दिवस नाही, आणि रडू येत नाही तुम्हाला?"

"प्रभू हाय त्यांच्यासंगं. त्यो राखील."

"कशावरून?"

"म्हाईत न्हाई सायेब. इश्वास हाय."

माझं टाळकंच सरकलं. माहीत नाही पण विश्वास आहे, हे जबाबात लिहायचं तरी कसं? "देवाला मध्ये आणू नका, खरं बोला," मी आवाज चढवला. तिने मान खाली घातली आणि तिथेच पुटपुटत प्रार्थना सुरू केली. ढोंग म्हणावं तर आम्ही समोर आहोत याचंही तिला भान नव्हतं, आणि खरं म्हणावं तर चुन्याचे ते तीन हात डोळ्यांपुढून हलत नव्हते. अटकेचं मनात जवळजवळ पक्कं होत आलं होतं.

कागद पुरा करायचा म्हणून विचारलं, "चुना कुठून आणला?"

"ह्यांनीच आनून ठिवल्ता. पिशवी हितंच हुती."

"आणि कुंचा?"

"जुना घावलाच न्हाई. नवा आनला. बादली बी न्हाई."

मी उभाच राहिलो. मारून पुरलेल्या माणसाबरोबर कुंचा आणि बादली जात नाही; ती घेऊन माणूस चुना द्यायला जातो. "मावशी, हे घर सोडून आणखी कुठे चुना द्यायचे ते?"

तिने कपाळाला हात लावला. "अगं बाई! लग्नाआधी त्यांच्या जल्माच्या वाडीतल्या प्रार्थनाघराला दर नाताळाला तेच द्यायचे."

वाडी होती पार खर्ड्याकडे. नात्याचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून आम्ही तिकडे विचारलंच नव्हतं. तिकडच्या पोलिसांना फोन केला. वाडी ऊसतोडीला गेलेली, घरांना कुलपं. बंद प्रार्थनाघराच्या पायरीशी म्हातारबाबा पडले होते. मांडीचं हाड मोडलेलं, पण जिवंत. हाताशी बादली, आणि बादलीत तळाला ओंजळभर पाणी.

जुन्या सवयीने ते एस.टी.ने तिथवर पोचले होते. चुना कालवायला त्यांनी हातपंपावरून पाणी भरून आणलं होतं. चुन्याची पिशवी मात्र घरीच विसरले होते. ती सोबत असती तर त्या पाण्यात चुना कालवला गेला असता, आणि पडल्यावर प्यायला थेंब उरला नसता. ज्या आजाराने माणूस घालवला, त्यानेच तो तीन दिवस राखला. योगायोग म्हणावा, तर शब्द तोकडा वाटतो. देवाची राखण म्हणावी, तर माझा स्वभाव आडवा येतो. हा गोंधळ आजही तसाच आहे.

नगरच्या दवाखान्यात मी बाईची माफी मागितली. मग विचारलं, "भीती वाटली नाही?"

"लई वाटली. येक हात दिला की प्रार्थना करायची. प्रार्थना झाली की पुन्ना भ्या वाटायचं, मंग दुसरा हात. त्यो राखतो म्हनून मला भ्या वाटू न्हाई व्हय?"

"आणि उशीर झाला असता तर?"

"तर बी त्यो त्यांच्यासंगंच हुता. मी येकटी पडले असते, सायेब." आणि मग ती रडली. चार दिवसांचं रडू एकदम आलं.

शांत माणूस म्हणजे निगरगट्ट, हा माझा हिशेब त्या दिवशी चुकला. पलीकडे म्हातारा शेवटचं पाणी पीत होता आणि इकडे मी त्याच्या बायकोला अटक करायला निघालो होतो. हे आठवलं की आजही भीती वाटते.

नाताळच्या आदल्या दिवशी मी साध्या कपड्यांत तिच्या घरी गेलो. भिंत मी खराब केली होती, तिला चुनाही मीच द्यायला हवा होता. एक हात देऊन कुंचा खाली ठेवला. माझा चेहरा बघून ती म्हणाली, "आजून येक द्या, सायेब. येका हातानं जात न्हाई भ्या."

मी कुंचा पुन्हा चुन्यात बुडवला.