दयारामनं मोजलेली विहीर

सुलतानपूरच्या दयारामला कुणी विचारलं, "काय करतो बे सध्या?" की तो दोन वर्षं एकच उत्तर द्यायचा, "अकरावी मॅट्रिक हाव." जसं काही मॅट्रिक असणं हीच नोकरी! पण त्या पोराचा तरी काय इलाज? बुद्धवाड्यातला तो पहिला मॅट्रिक. आई भिमाबाईनं लोकांच्या वावरात निंदण करून शिकवलेला. त्यानं हातात विळा घेतला की आई कडाडायची, "याच्यासाठी शिकवलं का रे तुले?" आणि मेहकरला अर्ज घेऊन गेला की बाबू लोक मान वर न करता सांगायचे, "जागा नाही." पोर ना घरचं ना घाटचं होऊन बसलं होतं.

मग त्र्याहत्तर साल उजाडलं. आधीचा पावसाळा कोराच गेलेला. पंचायत समितीनं बेकार मॅट्रिक पोरांसाठी एक योजना काढली. तीन महिन्यांची तात्पुरती नोकरी, गावोगाव जाऊन विहिरी मोजायच्या. कुठं किती पाणी उरलंय हे एकदा कळलं की त्या हिशेबानं विहीर खोल करायची कामं निघणार आणि रिकाम्या हातांना रोजगार मिळणार. यादीत दयारामचं नाव लागलं. भिमाबाई घरोघरी सांगत सुटली, "माह्या दयाले सरकारनं बोलावलं." 'तात्पुरती' हा शब्द तेवढा तिनं सोयीनं गिळून टाकला.

मेहकरचे विस्तार अधिकारी वामनराव म्हणजे फटकळ माणूस. त्यांनी प्रत्येक पोराच्या हातात एक लांबलचक दोर दिला. दर मीटरला एक गाठ, टोकाला लोखंडी वजन. वजन विहिरीच्या तळाला टेकवायचं, दोर वर ओढायचा आणि किती गाठी ओल्या झाल्या ते मोजायचं. ओला दोर म्हणजे पाणी. मॅट्रिक नापासालाही जमावं इतकं सोपं काम.

"पण एक लक्षात ठेवा," वामनराव म्हणाले. "दोर स्वतःच्या हातानं सोडायचा, आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, मगच सही. दुसऱ्याच्या हातचा एक जरी आकडा सापडला, त्या दिवशी घरी जायचं. नीट काम करील त्याला पुढं कामावर हजेरी कारकून म्हणून घेईन."

आता गंमत बघा. ज्याच्या आजीनं आयुष्यभर विहिरीपासून दहा पावलांवर रिकामी घागर घेऊन कुणीतरी पाणी वाढेल म्हणून वाट पाहिली, त्याच्याच हातात सरकारनं दोर दिला आणि सांगितलं, जा, तालुक्यातल्या सगळ्या विहिरींत सोड. आपण काय करून बसलोय हे सरकारच्या ध्यानातच आलं नसावं!

पण दयारामच्या ध्यानात बरोबर आलं होतं. पहिल्या गावात विहिरीच्या ओट्यावर चढताना त्याचे पाय लटपटले. दोनचार जणांच्या कपाळावर आठ्या पडल्या. पण शिक्क्याचा कागद पाहून ते बाजूला झाले. दुसऱ्या गावात पाय कमी लटपटले. सोळाव्या गावापर्यंत तर गडी असा ताठ चालायला लागला की विहिरीनंच उठून नमस्कार करावा. सोळा गावं, एकेचाळीस विहिरी, एकही खाडाखोड नाही.

सतरावं गाव कुंडेगाव. तिथं माशी शिंकली.

कुंडेगावची विहीर आटत नाही, असं दूरदूर बोललं जायचं. त्या एका बोलण्यावर गावात सुना यायच्या. ज्या गावात पाणी नाही तिथं कोण मुलगी देणार? आणि नेमकं त्याच दिवशी उकंडरावाच्या मुलाची सोयरीक ठरत होती. रोहिणखेडच्या बाजूचे पाहुणे विहिरीशेजारच्या पारावर चहा पीत बसले होते. विहिरीत तर महिन्यापासून चिखल ढवळून बायका वाटी वाटी पाणी भरत होत्या. पाहुण्यांना शंका येऊ नये म्हणून गुरांची दगडी डोणी मात्र काठोकाठ भरून ठेवलेली. गुरं बिचारी तिच्याकडं बघत उभी आणि पोरं त्यांना हाकलत होती.

दयाराम दोर घेऊन ओट्याकडं वळला तसे सरपंच रंगराव लगबगीनं आडवे आले.

"तू खालीच थांब बाबू," ते हळू आवाजात म्हणाले. "दोर आमचा शालिग्राम सोडंन, तू लिव्ह. गावची रीत हाय. पाहुण्यांसमोर तमाशा नको."

एका दगडात दोन पक्षी मारले रंगरावांनी. बुद्धवाड्यातला पोरगा ओट्यावर चढला नाही आणि विहिरीत कुणी डोकावलंही नाही. शालिग्रामनं दोर सोडला, वर ओढला आणि पाहुण्यांकडं पाठ करून डोणीत बुडवला. मग ओला दोर उंच धरून ओरडला, "पाच गाठी पाणी!"

पाहुण्यांनी समाधानानं माना डोलावल्या. दयारामच्या हातात दोर परत आला तेव्हा त्याला कडब्याचा चुरा चिकटलेला होता. विहिरीच्या तळाशी कडबा कुठून येणार? पोराला सगळं कळलं. पण चारचौघांत तोंड उघडायची हिंमत झाली नाही. त्यानं 'पाच' लिहिलं, खाली सही केली आणि चालू लागला. रस्ताभर स्वतःच्या नावानं बोटं मोडत होता. सोळा गावांत कमावलेलं एका सहीत घालवलं, असं त्याला वाटत होतं, आणि खरंच तसंच होतं.

एप्रिलात पंचायत समितीच्या फळ्यावर कामांची यादी लागली. सदतीस गावांची नावं होती. कुंडेगाव नव्हतं. असणार कसं? पाच मीटर पाण्याची विहीर कोण खोल करील? कुंडेगावातली तीस-चाळीस तरणी पोरं कामाची वाट बघत बसली होती, ती बसूनच राहिली. सोयरीक तेवढी झाली. पुढं कळलं की त्या पाहुण्यांच्या गावची विहीर तर पोळ्यालाच आटली होती आणि ते इथल्या पाण्याच्या आशेनं आले होते. झाकली मूठ दोन्हीकडं!

रंगराव दहा माणसं घेऊन मेहकरला आले. दयाराम त्या वेळी तिथंच वही जमा करायला उभा होता.

"तुमच्या पोरानं खोटं लिव्हलं साहेब," रंगराव म्हणाले. "विहिरीत वाटीभर पाणी नाही."

वामनरावांनी दयारामकडं पाहिलं. "दोर कुणी सोडला होता?"

"त्यानंच," रंगराव पटकन बोलले.

दयारामला कळून चुकलं की इकडं आड तिकडं विहीर. मीच सोडला म्हणावं तर आकडा खोटा. सोडला नाही म्हणावं तर सही खोटी. दोन्हीकडून नोकरी जाणार होती. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. पण यावेळी गप्प बसायचं नाही एवढं त्यानं ठरवलं.

"म्या नाही सोडला साहेब," तो म्हणाला. "मले ओट्यावर चढू देलं नाही. दोर डोणीत बुडवला. मले दिसलं, तरी म्या सही केली. ते चुकलं. काढून टाका मले, काही म्हणणं नाही. पण ते विहीर एक डाव मले मोजू द्या. सोळा गावं खरी लिव्हली, सतरावं खोटं नाही राहू देत."

रंगराव जमिनीकडं बघायला लागले. वामनरावांनी चष्मा पुसला. "तुझं काय करायचं ते विहिरीवरच बघू," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप कुंडेगावात शिरली तर सगळा गाव विहिरीशी जमलेला. बायका घागरी घेऊन पाळीत उभ्या. वामनरावांनी सरळ सांगितलं, "दोर हाच मुलगा सोडेल. नको असेल तर जुना आकडा कायम. मग तुमचं काम नाही."

आता आली का पंचाईत! शालिग्राम पुढं सरकला. "वजन जड हाय साहेब, मी सोडू का?"

"सोळा गावांत म्याच सोडलं," दयाराम म्हणाला. "मले जड नाही लागत."

रंगरावांनी कामाविना बसलेल्या पोरांकडं पाहिलं, रिकाम्या घागरींकडं पाहिलं. मग बाजूला सरले आणि म्हणाले, "जाय वर."

दयाराम ओट्यावर चढला. पायही लटपटले नाहीत. त्यानं दोर सोडला, एकेक गाठ मोठ्यानं मोजत. चौदा गाठींवर वजन टेकलं, खालून चिखलाचा आवाज आला. त्यानं दोर वर ओढला, टोकाची ओल सगळ्यांना दाखवली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "एक वीत पाणी." ज्या गावानं इतके दिवस ही गोष्ट लपवली त्या गावानं ती मान खाली घालून ऐकली. दयारामचा ऊर मात्र भरून आला होता.

"जुना आकडा खोड, नवा लिही, दोन्हीपुढं सही कर," वामनराव म्हणाले. "आणि सोमवारपासून इथं काम निघेल. हजेरी तूच घ्यायची. पुन्हा कुणाच्या हातचा आकडा लिहिलास तर बघ. आता गाळ किती आहे तेवढा दाखव."

गाळ बघायचा म्हणजे बादली सोडायला हवी. दयारामनं ओट्यावरची बादली सोडली, तळाशी हलकेच हलवली आणि वर ओढली. अर्धी बादली गढूळ पाणी आलं. वामनरावांनी पाहिलं, वहीत टिपलं. बादली दयारामच्या हातात तशीच राहिली. त्याच्या हातानं काढलेलं पाणी. ते आता ओतायचं की फेकायचं?

पाळीत सगळ्यात पुढं सोजराबाई होती, साठीची, पहाटेपासून ताटकळलेली. तिनं एकदा रंगरावांकडं पाहिलं, एकदा बादलीकडं.

"फेकतं काय आता ते?" ती म्हणाली आणि घागर ओट्यावर ठेवली. "आन इकडं. माही पाळी हाय."

दयारामनं ओतलं. एक थेंब सांडू दिला नाही. आणखी दोन बादल्या काढून घागर भरली. सोजराबाईनं ती डोक्यावर घेतली आणि घराकडं निघाली. वाटेत ओतून दिली नाही, कुणाकडं वळून पाहिलं नाही. सगळा गाव तिच्या पाठीकडं बघत राहिला. मग दुसरी घागर पुढं आली. मग तिसरी.

वामनराव जीपमध्ये बसले होते. त्यांनी दोनदा हॉर्न वाजवायला लावला. "चल रे, आटप."

पाळीतून पुष्पाबाईचा आवाज आला, "थांबू द्या त्याले साहेब. माही घागर राह्यली."

दयारामनं बादली पुन्हा विहिरीत सोडली.